चौथा बोल्ट

माझा थोरला भाऊ ट्रकच्या कारखान्यात इंजिनं बांधायचा. त्याच शेडमध्ये मीही होतो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी सातवीत असताना वडील गेले, तेव्हापासून माझं सगळं त्यानंच केलं. आयटीआयला घातलं त्यानं, कारखान्याचा अर्ज भरून घेतला त्यानं, आणि पहिल्या दिवशी सायकलवर पुढे बसवून फाटकापर्यंत सोडलं तेही त्यानंच. मी बावीस वर्षांचा घोडा, पण बसलो निमूट.

जबलपुरात आमची मराठी घरापुरती. उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी सुरू. दादा मात्र इंजिनाशी मराठीत बोलायचा. "चाल बाप्पा, बस आता जागेवर," असं पिस्टनला म्हणायचा. शेडमधले हिंदीवाले हसायचे, पण एखादं इंजिन हट्टाला पेटलं की त्यालाच बोलवायचे. त्याच्या हाताला बोल्टचा ताण कळायचा. पाना एकदा फिरवून तो सांगायचा की हा जास्त कसलाय, किंवा याच्याखाली कचरा अडकलाय. उघडून पाहिलं की कचरा निघायचा.

असा माणूस, आणि त्याच्या वाट्याला काम काय, तर इंजिनाच्या वरच्या भागाचे बोल्ट कसणं. इंजिन यायचं, बोल्ट कसायचे, इंजिन पुढं जायचं. मी त्याच्यापासून चार माणसं पलीकडे, पंपाच्या कामावर. आम्ही दोघांनी मिळून किती इंजिनांना हात लावला असेल ते देव जाणे, पण त्यातलं एकही सुरू होताना आम्ही पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्या शेडमध्ये व्हायचं. दादाला याचं मनातून वाईट वाटायचं. "अर्धी पोळी भाजून दुसऱ्याच्या तव्यावर टाकतो आपण," असं तो एकदा वहिनींना म्हणाला होता.

म्हणून मोटर आली. रेल्वेतले एक निवृत्त साहेब बंगला विकून मुलाकडे निघाले होते. त्यांच्या आवारात आंब्याखाली एक जुनी विलायती मोटर आठ-नऊ वर्षं उभी होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या. दादा कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला आणि पंपाऐवजी मोटरीकडेच पाहत बसला. साहेब म्हणाले, "ले जाओ मिस्त्री, जगह तो खाली हो." आम्ही सहा जणांनी ती ढकलत कांचघरला आमच्या घरी आणली. रस्ताभर लोक विचारत होते, भैया, बारात किसकी है?

वहिनींनी कपाळाला हात लावला. आमच्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा मांडव, त्या मांडवाखाली मोटर बसल्यावर चालायलाही जागा उरली नाही. पण दादाला त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला मांडीवर घेऊन दादा मोटरीच्या फाटक्या सीटवर बसायचा आणि चाक फिरवत म्हणायचा, "कुठं जायचं बाईसाहेब? ग्वारीघाटला, नर्मदेवर?" ती म्हणायची, हो.

इंजिन त्याला स्वतः बांधायचं होतं. पहिल्या बोल्टापासून शेवटच्या बोल्टापर्यंत, एकट्यानं. त्यासाठी ते मोटरीतून काढून घोडीवर चढवणं आलं. घोडी म्हणजे लोखंडी उभा स्टँड, ज्यावर इंजिन मागच्या बाजूनं धरलं जातं आणि हवं तसं फिरवता येतं, अगदी उलटंसुद्धा. कारखान्यात अशा घोड्या होत्या. घरी कुठून आणायची? दादानं फरशीवर खडूनं चित्र काढलं आणि रिछाईच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ती बनवून घेतली. दादानं तिचा पुढचा पाय मुद्दाम लांब ठेवला होता, इंजिनाच्या नाकाच्याही पुढे जाईल इतका, म्हणजे भार पुढं गेला तरी घोडी तोंडावर पडणार नाही. फिरणाऱ्या तबकडीला चार हात होते. त्या हातांतून चार बोल्ट इंजिनाच्या पाठीत जायचे, जिथं गिअरचा डबा बसतो तिथं.

हे चार बोल्टच सगळं. बाकी लोखंड कितीही जाड असो, साडेतीन मण इंजिन लटकतं ते चार बोल्टांवर. दादा मला म्हणाला, "निदान नऊ आटे आत गेले पाहिजे. ओतीव लोखंड आहे, कमी आट्यांवर भार आला का आटेच सोलून निघतात. नऊ म्हणजे नऊ." त्यानं झाडूची काडी बरोबर लांबीची तोडून माझ्या खिशात घातली. "या मापाचे चार."

त्या वर्षी पावसाळ्यापासूनच पूर्वेकडच्या सरहद्दीवरून बातम्या येत होत्या. दिवाळीनंतर कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. सुट्ट्या बंद, फक्त महिन्यातला एखादा रविवार. काचांना काळे कागद लावले गेले. संध्याकाळी हवाई हल्ल्याच्या तालमीचा भोंगा वाजला की सगळ्या वस्तीनं दिवे विझवायचे. माझी बायको घाबरून मुलीला घेऊन नागपूरला माहेरी गेली. मी पाळीवरून यायचो ते पाय ओढत, आणि जेवता जेवता डोळे मिटायचे.

मी बोल्ट आणायला गेलो ते असाच, अर्धवट झोपेत. बड्या फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत लोखंडी सामानाची दुकानं होती. जुने विलायती आटे तेव्हाच मिळेनासे झाले होते. तीन दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदारानं डबा उपडा केला, त्यात काडीच्या मापाचे दोन निघाले. तसलेच आणखी दोन निघाले, पण अर्धा इंच आखूड.

"बस यही है भैया," तो म्हणाला. "मढ़ाताल में देख लो, शायद मिल जाए."

मला पुढं जायचं नव्हतं. सायकलवर उलटं फिरून पुन्हा शोधायचं, या विचारानंच पाय भरून आले. मी मनाशी हिशेब मांडला की वरच्या दोन बोल्टांवर ओढ असते, खालचे दोन तर नुसते दाबलेले असतात. लांब वर लावू, आखूड खाली लावू. फिटर होतो मी, हे मला कळत होतं. अर्धंच कळत होतं. ज्या कामासाठी घोडी बनवली तेच मी विसरलो. इंजिन उलटं केलं की खालचे बोल्ट वर येतात.

दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रागावलाही नसता. "बरं, पुढच्या सुट्टीला," एवढंच म्हणाला असता.

सुट्टीच्या रविवारी दुपारी आम्ही इंजिन उचललं. तीन लाकडी बल्ल्यांची तिपाई, तिला रिछाईवाल्याकडून एका दिवसापुरती मागून आणलेली साखळीची कप्पी. कप्पीची साखळी ओढली की वजन बोटबोट वर यायचं. दादानं आदल्या दिवशीच इंजिनातलं तेल काढलं होतं, क्लच आणि मागचं जड चाकही उतरवलं होतं. मला त्यानं तीन वेळा बजावलं, "खाली हात नाही, पाय नाही. अन् पडायला लागलंच तर पडू द्यायचं. इंजिन दुसरं मिळते. धरायला जायचं नाही." मी हसून म्हटलं, "दादा, हे मी कारखान्यात रोज ऐकतो." तो म्हणाला, "ऐकतो, पण करत नाही कोणी."

इंजिन तरंगत घोडीपाशी आलं. दादा साखळीपाशी, एक हात साखळीवर, एक इंजिनाच्या कुशीवर, नजर वजनाकडे. मी मागच्या बाजूला. बोल्ट बोटांनी बसवायचे काम माझं. वरचे दोन बसवले, छान फिरत आत गेले. खालचे बसवले. तीन फेऱ्यांत टेकले.

"आटे किती गेले?" दादानं पलीकडून विचारलं.

"नऊ."

"चारही?"

"चारही."

असं बोललो मी. आवाजसुद्धा हलला नाही.

मग त्यानं साखळी न सोडता पाना घेतला आणि आडवेतिडवे बोल्ट कसायला लागला. वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा. चौथ्याला, म्हणजे खालच्या डाव्याला, पाना लावला आणि भोंगा वाजला. वहिनी नळावर गेल्या होत्या आणि आत कंदील जळत होता. दादा पाना तिथंच सोडून आत गेला, कंदील विझवला आणि परत आला. संधिप्रकाश होता, माझ्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. तो उकिडवा बसला, चाचपून पाना धरला आणि चौथा बोल्ट कसला. त्याचा खांदा पुढे झुकताना मी पाहिला. "हं," असं म्हणाला तो, बोल्ट बसला की म्हणायचा तसं.

नंतर त्यानं साखळी एकेक कडी सैल केली. घोडी किंचित करकरली आणि स्थिर झाली. तरी अर्धा तास त्यानं साखळी ढिली का होईना पण अडकवूनच ठेवली. आम्ही अंधारात बसून चहा प्यालो. वहिनी म्हणाल्या, "झालं का तुमचं लगीन?" दादा हसला. इतका मोकळा हसलेला तो मला त्यानंतर आठवत नाही.

इंजिन अकरा दिवस नीट उभं राहिलं. त्या अकरा दिवसांत मी रोज त्याच्याजवळून जायचो. पहिले तीन दिवस नजर खालच्या बोल्टांकडे जायची, मग जायची थांबली. लढाई सुरू झाली आणि कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. दादा पहाटे तीनच्या पहिल्या पाळीत, मी दुपारी तीनच्या दुसऱ्या. तो घरी यायचा तेव्हा मी निघालेलो असायचो. मढ़ातालला जाऊन बोल्ट शोधायचे आणि गुपचूप बदलायचे, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं एवढंच.

लढाईचा पाचवा की सहावा दिवस असेल. दिवस मावळायच्या आधी फाटकावरचा एक माणूस आमच्या शेडमध्ये आला आणि मला म्हणाला, "घर जाओ. तुम्हारे भैया को चोट लगी है." मी हातातली पंपाची जाळी टाकली. कशानं लागलं, हे मी त्याला विचारलं नाही. तो सांगायच्या आधीच मला माहीत होतं.

घरी पोचलो तेव्हा दादाला दवाखान्यात नेलं होतं. शेजारची म्हातारी ओट्यावर बसली होती, बाकी मांडवात कुणी नव्हतं. इंजिन घोडीच्या पायावर आडवं पडलेलं. उरलंसुरलं काळं तेल सांडलं होतं आणि त्यात रक्त. मी वर लावलेले दोन लांब बोल्ट वाकून इंजिनाच्या पाठीतच राहिले होते. आखूड दोन जमिनीवर पडले होते. त्यांच्या टोकाच्या तीन आट्यांमध्ये लोखंडाचा भुगा भरला होता, सोलून निघालेला.

मी ते उचलले आणि खिशात घातले. हे मला आज लिहितानाही नीट सांगता येत नाही. भाऊ दवाखान्यात होता, आणि मी आधी बोल्ट उचलले. वाटेत ओमती नाल्याच्या पुलावर सायकल थांबवली आणि ते पाण्यात टाकले. मग दवाखान्यात गेलो.

काय झालं ते वहिनींनी सांगितलं. दादा पाळीवरून आला, भाकरी खाल्ली आणि इंजिनाच्या तळाचं झाकण काढायचं म्हणून ते उलटं फिरवायला लागला. अर्धं फिरेपर्यंत काही झालं नाही. पूर्ण उलटं होताच कडकड आवाज झाला आणि इंजिन पुढं झुकलं. "यांनी हात लावला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मी दारातून ओरडले, सोडा, सोडा. पण यांनी धरलं."

ज्यानं मला तीन वेळा बजावलं त्यानंच धरलं. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं डॉक्टरांनी त्याच दिवशी काढली.

दोन दिवसांनी तो नीट बोलायला लागला तेव्हा मी खाटेशी बसलो होतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बोल्ट पाहिले का रे तू?"

"दोन आहेत. दोन नाही दिसले. लोक धावले होते दादा, कोणी उचलले असतील."

तो छताकडे पाहत म्हणाला, "भोंगा वाजला तवा मी चौथ्यावर होतो ना?"

"हो."

"मग परत येऊन कसला का मी तो? मले आठवूनच नाही राहिलं. आत गेलो, कंदील विझवला... अन् मग थेट साखळीच आठवते. तू होता तिथं. कसला होता का मी?"

एवढंच सांगायचं होतं की हो, कसलास, मी पाहिलं. त्यात माझं काही उघडं पडत नव्हतं. पण मला वाटलं, चौथा कसलेला होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. कसलेला होता तर पडलं काहून? मग आटे, मग लांबी, मग मी.

"आठवत नाही दादा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "राहिलाच असेल," म्हणाला. "माझ्याच हातून राहिला."

तो घरी यायच्या आत मी इंजिन, घोडी, मोटर, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून दिलं. वहिनीच म्हणाल्या होत्या, ते माझ्या डोळ्यांसमोर नको. त्यांनी म्हटलं नसतं तरी मी दिलंच असतं. इंजिनाच्या पाठीतली खालची दोन भोकं पाहिली असती तर दादाला एका क्षणात सगळं कळलं असतं.

लढाई संपली. लोकांनी पेढे वाटले, शेडमध्ये साहेबांनी भाषण केलं. दादाला कारखान्यानं काढलं नाही. त्याला फाटकावर हजेरीच्या खिडकीत बसवलं. पाळी सुरू होताना प्रत्येकाला त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि पाळी सुटताना परत घ्यायचा. तो डाव्या हातानं द्यायचा. मी रोज त्या खिडकीतून माझा बिल्ला त्याच्याकडून घेत होतो. निवृत्त होईपर्यंत तो तिथंच बसला.

बोटांशिवाय माणूस शिकतो. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, डाव्या हातानं जेवायलाही. त्यामुळं चारचौघांत जेवायचं मात्र त्यानं सोडलं. कुणाकडे पंगत असली की "पोट बरं नाही" म्हणायचा. आपल्या लोकांत डाव्या हातानं खाणारा पंगतीत कसा बसेल? पण याहून वाईट दुसरंच होतं. त्याचा स्वतःवरचा विश्वास गेला. आधी त्यानं हत्यारं सोडली. मग घरातला खिळाही तो दुसऱ्याकडून ठोकून घ्यायला लागला. मग दार. घराबाहेर पडला की कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. कुलूप ओढून पाहायचा. पुन्हा निघायचा आणि पुन्हा परत यायचा. वहिनी सोबत असल्या तर विचारायचा, "मी लावलं का? तू पाहिलं का?" त्या म्हणायच्या, लावलं. तरी तो परत जायचा. पुढं पुढं पाण्याचा नळ, चुलीतला विस्तव, देवापुढची समई, सगळंच. ज्याच्या हाताला बोल्टचा ताण कळायचा तो माणूस स्वतःच्या हातानं लावलेल्या कडीवर भरवसा ठेवू शकत नव्हता.

मी हे पाहत होतो. एकाच घरात राहत होतो, पाहणार नाही तर काय? दर वेळी तो कोपऱ्यावरून परत वळला की माझ्या तोंडाशी यायचं. दर वेळी वाटायचं, आज नको, आता इतकी वर्षं झाली. वर्षं जितकी वाढत गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसत्या बोल्टांचं सांगायचं नव्हतं, मधल्या सगळ्या वर्षांचंही सांगायचं होतं.

वीस वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तीच, जी ग्वारीघाटला जायला हो म्हणायची. जबलपुरातच, आमच्या मराठी लोकांच्या कार्यालयात. तिनं हट्ट धरला की अंतरपाटाचं एक टोक मोठ्या बाबांनीच धरायचं. मोठे बाबा म्हणजे दादा. भटजींनीही हाक मारली. दादा पुढं आला नाही. मी जाऊन त्याचा दंड धरला.

"नको," तो म्हणाला.

"दोन मिनिटांचं काम आहे दादा. ती वाट पाहून राहिली."

"माझ्या हातून सुटला तर?" तो हळूच म्हणाला. "मंगलाष्टकं चालू असताना सुटला तर? नको. दुसऱ्या कोणाला दे."

त्याचे डोळे खरोखर घाबरलेले होते. कापडाचं एक टोक धरायला.

अंतरपाट मुलीच्या मामानं धरला. पंगती बसल्यावर मी दादाला शोधत मागं गेलो. आचाऱ्यांच्या कोठीत, तेलाच्या डब्यांच्या आड, एका पाटावर बसून तो एकटाच जेवत होता. डाव्या हातानं. मी समोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "दादा, तो चौथा बोल्ट तू कसला होता."

त्याला क्षणभर कळलंच नाही. "कोणता?"

"इंजिनाचा. भोंगा वाजला, तू आत गेला, कंदील विझवला, परत आला अन् कसला. मी पाहिलं. बोल्ट आखूड होते, खालचे दोन्ही. मी आणले होते. तीनच आटे गेले होते आत. तू विचारलं तवा मी नऊ सांगितले."

त्यानं हातातली पुरी पानात ठेवली. बाहेर पंगतीत कुणीतरी जिलबीसाठी ओरडत होतं.

"दवाखान्यात मी विचारलं तुला," तो म्हणाला. "तवा माहीत होतं?"

"हो."

"अन् बोल्ट?"

"मी टाकले. नाल्यात."

तो पानाकडे पाहत होता. मी रडत होतो, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. म्हणाला, "बोटांचं काही नाही रे. फॅक्टरीत कोणाचीही जातात बोटं." मग थांबला. "मी वीस वर्षं दार ओढून पाहून राहिलो."

मी त्याच्या पायांवर हात ठेवले. त्यानं पाय मागं घेतले, रागानं नाही, अवघडल्यासारखे. "आज काहून सांगितलं?" त्यानं विचारलं. "तुला बरं वाटावं म्हणून का?"

मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

"जा," तो म्हणाला. "पंगतीत पाहुणे आहेत. मुलीचा बाप तू. जा."

मी गेलो. पाहुण्यांना आग्रह केला, हसलो, व्याह्यांच्या पाया पडलो.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर निदान त्याचं कोपऱ्यावरून परत येणं थांबेल. थांबलं नाही. आपण बोल्ट कसला होता हे आता त्याला ठाऊक होतं, तरी तो परत यायचा आणि कुलूप ओढून पाहायचा. वीस वर्षांत ते त्याच्या हाडात गेलं होतं, माझ्या एका वाक्यानं थोडंच निघणार? आमच्यात बोलणं बंद झालं नाही. नळाला पाणी आलं का, मुलीचं पत्र आलं का, असं सगळं तो विचारायचा. कारखान्याचा विषय निघाला की उठून जायचा. त्यानं माफ केलं की नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलंही नाही. पाच वर्षांनी, निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत, तो छातीच्या दुखण्यानं गेला.

तेराव्याला नातेवाईक जमले होते. नागपूरकडच्या एका मावशींनी हाताचं विचारलं, म्हणजे बोटं कशी गेली ते. वहिनी पानं मांडत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक बोल्ट कसायचा राहिला यांच्याकडून. लढाईच्या दिवसांत. भोंगा वाजला अन् विसरले. शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं."

तेव्हा मला कळलं की त्यानं वहिनींनाही सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "अरेरे. एवढा हुशार माणूस." सगळे हळहळले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजींना विचारा. हे होते तिथं."

आठ-दहा माणसं माझ्याकडे वळली. मी वाढप्याच्या हातातून वरणाचं पातेलं घेतलं आणि पहिल्या पानापासून वाढायला सुरुवात केली.